डेंगीची लाट आधीच कशी ओळखायची: नाशिकच्या एका प्रभागापुरतं गणित

आधी रुग्णांची वही नीट करा. अहवाल आल्याची तारीख नव्हे, ताप सुरू झाल्याची तारीख लिहा. या दोन तारखांत आठवड्याचा फरक सहज पडतो आणि मग पुढचं सगळं गणित घसरतं. नोंदी आठवड्यानुसार मांडा. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 (विषाणूचं प्रथिन शोधणारी) आणि त्यानंतर आयजीएम (शरीरातली प्रतिपिंडं शोधणारी) चाचणी केलेली असावी. खासगी दवाखान्यांचे आकडे सुटले तर सिडको-इंदिरानगरचं चित्र अर्धंच दिसेल.

दर पंधरा दिवसांनी प्रभागातली तीच ती घरं न घेता विखुरलेली 100 घरं तपासा. पिंप, रांजण, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर, बांधकामावरचे हौद, सगळं बघा. समजा, 12 घरांत मिळून 18 भांड्यांत एडिसच्या, म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या डासाच्या, अळ्या सापडल्या. तर घर निर्देशांक (शंभरातली अळ्यांची घरं) 12 आणि ब्रेटो निर्देशांक (शंभर घरांमागे अळ्यांची भांडी) 18. ब्रेटो 5 च्या आत असला तरी निर्धास्त राहू नका. अळ्या मोजल्या म्हणजे डास मोजले असं होत नाही.

आता तापमान. अंदाजाचा खरा जीव इथे आहे. डासाने विषाणू घेतला की तो डासाच्या लाळेपर्यंत पोचायला 25 अंशांना सरासरी 15 दिवस लागतात, 30 अंशांना साडेसहा. म्हणून रोजची सरासरी 25 असेल तर 1/15 भाग, 30 असेल तर 1/6.5 भाग धरा. मधल्या तापमानाला त्या प्रमाणात. रोजच्या या भागांची बेरीज 1 झाली की डास संसर्ग देऊ शकतो, अर्थात तोवर जगला तर! अंडं ते डास 7 ते 10 दिवस आणि माणसात लक्षणं दिसायला 4 ते 10 दिवस त्यात मिळवा. पावसानंतर रुग्ण वाढायला महिना-दीड महिना का जातो, ते इथे कळतं.

डिसेंबरात नाशिकचं कमाल 28, किमान 10 असेल तर सरासरी 19. डेंगीचा प्रसार 18 अंशांच्या आसपास जवळजवळ थांबतो, 29 ला सर्वाधिक असतो. किमान 14 वर राहिलं तर सरासरी 21, म्हणजे हंगाम लांबतो. त्यामुळे दुपारच्या उन्हापेक्षा पहाटेच्या थंडीकडे लक्ष ठेवा. हवामान केंद्राचा आकडा घरातल्या आकड्याशी जुळत नाही. दोन-चार घरांत साधे तापमापक टांगा.

पावसाचे मिलिमीटर सरळ गुणकात टाकू नका. मुसळधार पाऊस अळ्या वाहून नेतो. उलट पाणीकपातीत भरून ठेवलेली पिंपंच कारखाना होतात. अंडी तर कोरड्या भांड्याला महिनोन्‌महिने चिकटून राहतात, म्हणून कोरड्या दिवशी भांडं नुसतं रिकामं न करता घासा.

शेवटी अंदाज तपासताना एका वर्षाच्या नोंदी बाजूला ठेवा, म्हणजे गणित बसवताना त्या वापरू नका आणि अंदाज त्यांच्यावरच तपासा. "गेल्या आठवड्याइतकेच रुग्ण" या बाळबोध अंदाजालाही तुमचं गणित हरवू शकत नसेल, तर ते फेकून द्या. हरवत असेल तरी एकच आकडा सांगू नका, "पुढच्या चार आठवड्यांत 10 ते 25" असा पट्टा द्या.