पेंटाकॅम, बायोमीटर, ओसीटी: आकडे जुळत नसतील तर या चुका टाळा

पेंटाकॅम फिरत्या कॅमेऱ्याने डोळ्याच्या पुढच्या भागाची चित्रे घेते, बायोमीटर डोळ्यातली अंतरे मोजतो, ओसीटी प्रकाशाने थरांचा छेद दाखवतो. एकाच डोळ्याचे यांपैकी दोन यंत्रांवर वेगळे आकडे आले, की पहिला संशय यंत्रावर जातो. बहुतेक वेळा यंत्र ठीकच असते. एकाच नावाखाली दोन्ही यंत्रे वेगळी गोष्ट मोजत असतात.

सर्वांत महागात पडतो तो एसीडीचा, म्हणजे पुढच्या कप्प्याच्या खोलीचा घोळ. आयओएलमास्टरसारखे बायोमीटर ही खोली कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) बाहेरच्या पृष्ठभागापासून भिंगापर्यंत धरतात. पेंटाकॅमवर ‘इंटर्नल’ निवडले असेल, तर मोजणी आतल्या थरापासून, एंडोथेलियमपासून सुरू होते. फरक कॉर्नियाच्या जाडीएवढा, साधारण ०.५४ मिमी. आयसीएलसाठी, म्हणजे नंबर घालवायला डोळ्यात बसवायच्या भिंगासाठी, एंडोथेलियमपासून साधारणपणे किमान २.८ मिमी जागा हवी. बायोमीटरवर ३.२० दिसले म्हणून निश्चिंत झालात, तर प्रत्यक्षात हाती २.६६ च असतात. फाइलमध्ये एसीडी कुठपासून मोजली हे लिहाच.

केरॅटोमेट्रीत, म्हणजे कॉर्नियाची वक्रता मोजताना, यंत्र त्रिज्या मोजते. डायॉप्टर (भिंगशक्तीचे एकक) त्यावरून काढलेले असतात. अपवर्तनांक १.३३७५ धरला तर ७.५ मिमी त्रिज्येचे ४५.०० डायॉप्टर होतात, १.३३२ धरला तर ४४.२७. डोळा तोच, फरक जवळजवळ पाऊण डायॉप्टरचा! म्हणून तुलना आधी मिलिमीटरमध्ये करा. त्रिज्या जुळली तर सेटिंग बघा, नाही जुळली तर अश्रूंचा थर आणि रुग्णाची नजर. लॅसिक झालेल्या डोळ्यात मात्र १.३३७५ चा आधारच सुटतो: पुढची वक्रता बदललेली असते, मागची जवळपास तशीच राहते. तिथे मागच्या पृष्ठभागाचे प्रत्यक्ष मोजमाप घ्या.

तपासणीचा क्रमही आकडे बिघडवतो. कॉर्नियाचा नकाशा काढायला डोळ्यावर पाडलेली प्लासिडोची वर्तुळे अश्रूंच्या थरावरूनच परावर्तित होतात. आधी भूल देणारे थेंब घातले किंवा डोळ्याला टेकवून दाब मोजला, की ती वेडीवाकडी येतात. त्यामुळे स्पर्श नसलेल्या मोजण्या आधी, थेंब आणि ए-स्कॅन (डोळ्याची लांबी मोजणारा अल्ट्रासाउंड) नंतर. सॉफ्ट लेन्स निदान आठवडाभर बंद हवी. आरजीपी (कडक लेन्स) दोन ते चार आठवडे, आणि लागोपाठच्या दोन भेटींत आकडे जुळेपर्यंत. पेंटाकॅमचा क्यूएस (स्कॅनचा दर्जा दाखवणारा रंग) पिवळा किंवा लाल आला तर स्कॅन जतन करू नका. पापणी उचला, रुग्णाला दोनदा डोळे मिटायला सांगा, पुन्हा घ्या.

काचबिंदूसाठी कॉर्निया आणि बुबुळ यांच्यातला कोन बघायचा असेल तर पेंटाकॅमच्या आकड्यावर भिस्त नको. त्याचा ४७५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश लिंबसच्या (कॉर्नियाच्या कडेच्या) अपारदर्शक भागातून पलीकडे जात नाही, त्यामुळे कोनाचा तळ त्याला दिसतच नाही. १३१० नॅनोमीटरचा ओसीटी स्क्लेरल स्परपर्यंत (कोनातल्या खुणेच्या कडेपर्यंत) दाखवतो, पण खोलीत अंधार हवा. उजेडात बाहुली आकुंचन पावते आणि अरुंद कोनही मोकळा भासतो. बुबुळामागचे पाहायला यूबीएमच, म्हणजे सूक्ष्म अल्ट्रासाउंडच.

केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) वाढतोय का, हे ठरवताना दोन यंत्रांचे केमॅक्स (कॉर्नियाची सर्वाधिक वक्रता) एका आलेखात मांडू नका. वर्षात १ डायॉप्टर वाढ झाली की क्रॉसलिंकिंगचा (कॉर्निया मजबूत करणाऱ्या उपचाराचा) विचार सुरू होतो, आणि तेवढा फरक नुसत्या यंत्रबदलानेही दिसू शकतो. नवे यंत्र आले असेल, तर त्याच दिवशी जुन्यावरही एक स्कॅन घ्या आणि नव्याची नोंद तिथून स्वतंत्र सुरू करा.