आधी फिल्टर, मग जेट

कार्ब्युरेटर ट्यून करायचाय? मग पाना हातात घेण्याआधी एअर फिल्टर धुवा. हे मी पुढेही पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलात तरी चालेल. हत्यारं, चिंध्या, पसरायला जुनी चादर, हे तुमचं तुम्हाला कळतं.

सोयाबीन निघालं की महू-सिमरोलकडची शेतं आणि गाडवाटा मोकळ्या होतात आणि इंदूरची अर्धी पोरं यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० ला खाचांचे टायर चढवून तिकडे पळतात. माळव्याची काळी माती वाळली की पिठासारखी उडते आणि फिल्टरच्या फोममध्ये जाऊन बसते. फिल्टर तुंबला की हवा कमी पडते, मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. गाडी वरच्या आरपीएमला भकभकते, धूर ओकते. मग आपण अक्कल लावून मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा भोकाचा तुकडा, दोन नंबरांनी लहान करतो आणि गाडी झकास पळायला लागते. काही दिवसांनी कोणीतरी फिल्टर धुतो. हवा पूर्ण यायला लागते, पेट्रोल मात्र तेवढंच. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी; पिस्टन तापतो आणि भर थ्रॉटलवर पकडतो, सिलिंडरमध्ये जाम होतो. माझा असाच पकडला, बोर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागला. जेट बरोबर होता हो, फिल्टर घाण होता.

म्हणून धुवा. रॉकेल मिळालं तर त्यात, नाहीतर साबणाच्या पाण्यात; पेट्रोलमध्ये नको, फोम खराब होतो. पूर्ण वाळू द्या, तेल लावा, पिळा, बसवा. बसवूनच ट्यून करा. फिल्टर काढून ठेवून ‘जरा बघतो’ म्हणणारे मिस्त्री भरपूर आहेत. त्यांचं ऐकून लावलेला जेट फिल्टर बसवल्यावर रिच निघतो.

मग गळती. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर वाकवून बघा, भेगा वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. गाडी आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता चालू ठेवून त्या जोडावर पाणी फवारा. आवाज बदलला तर तिथून हवा आत जातेय. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम पटकन खाली येत नसेल तरी हाच संशय, नाहीतर क्रँकचं सील गेलंय. गळती असताना जेट बदलणं म्हणजे निव्वळ टाइमपास.

पेट्रोलचं थोडं सविस्तर, कारण इथे सगळ्यांचा गोंधळ असतो. ऑइल पंप काढून टाकलेला असेल तर पेट्रोलमध्ये मिसळायच्या टूटी तेलाचं प्रमाण आधी ठरवा आणि नंतर त्याला हात लावू नका. ४०:१ म्हणजे लिटरला २५ मिली. मोजून, अंदाजाने नाही. ‘सुरक्षित राहू दे’ म्हणून जास्त तेल ओतलं तर मिश्रण लीन होतं, कारण जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल तेवढं कमी. दुसरं म्हणजे इथेनॉल. आरएक्स १०० आली १९८५ ला, बंद झाली १९९६ ला. कंपनीच्या पुस्तकातले जेटचे नंबर त्या काळच्या पेट्रोलचे आहेत. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५. म्हणजे कंपनीचाच जेट असला तरी गाडी आता आधीपेक्षा लीन चालते. मोठे जेट विकत आणून ठेवा, लहान नाही. नंबर छापलेले नकली जेट मिळतात, एकाच नंबरच्या दोघांची भोकं वेगळी असतात. एकाच दुकानातून, एकाच मेकचे घ्या. जेट तुंबला तर हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं.

हवामान लिहून ठेवा. जानेवारीच्या सकाळी १० अंश आणि मेच्या दुपारी ४० अंश, या दोन हवांच्या घनतेत दहा टक्क्यांचा फरक आहे. थंड हवा दाट, म्हणून मेमध्ये बसवलेला जेट जानेवारीत लीन. उंचीचंही तेच. इंदूर साधारण ५५० मीटरवर, महेश्वर नर्मदाकाठी दीडशेच्या आसपास. थंडीत पहाटे घाट उतरून निमाडात, म्हणजे महेश्वरकडच्या सखल भागात जाणार असाल तर एक नंबर मोठा मेन जेट खिशात असू द्या.

आणि फिल्टर? धुतलात ना? मग पुढे वाचा.

थ्रॉटलच्या मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. पाऊणपासून पूर्णपर्यंत मेन जेटचं राज्य, पाव ते पाऊण निडलचं (थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी सुई), त्याखाली स्लाइड (ती सुई धरणारा सरकता भाग) आणि पायलट जेट (आयडलचा छोटा जेट). खुणा नसतील तर निडलच्या दोषाचं खापर मेन जेटवर फुटतं. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. मी मेनपासून सुरू करतो, कारण नुकसान तिथेच सगळ्यात महाग असतं. दोन नंबर मोठा टाका, गाडी वर भकभकेल. एकेक खाली या, साफ ओढायला लागली की थांबा आणि एक नंबर परत वर चढा. कोणी म्हणेल अजून एक उतरव, मजा येईल. त्याला स्वतःच्या गाडीवर करू द्या.

स्पार्क प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखायचं तर नवा प्लग टाका, मोकळ्या मातीच्या वाटेवर फुल थ्रॉटल द्या, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा. हळूहळू घरी आणून प्लग काढलात तर तो आयडलचा रंग दाखवेल. पांढऱ्या चिनी मातीवर चमकते ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, घरी ढकलत न्या.

निडल: तिच्या डोक्याकडची क्लिप वरच्या खाचेत म्हणजे लीन, खालच्या खाचेत रिच. एका वेळी एक खाच. पायलट: इंजिन गरम करून एअर स्क्रू फिरवा, बाहेर काढला की लीन. आयडल सगळ्यात चांगलं एका फेऱ्याच्या आतच सापडलं तर पायलट मोठा हवा, अडीचच्या पुढे गेलं तर लहान. फ्लोटची (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) उंची, केबलची ढिलाई, ते आधीच बघितलं असेल असं धरतो.

शेवटी चोक बंद आहे ना बघा. गंमत नाही, चोक अर्धा उघडा ठेवून ट्यून करणारे मी पाहिलेत. धुळीतून आलात की फिल्टर पुन्हा धुवा, नाहीतर वहीतले नंबर फुकट. घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिनावर गाडी रोखत जाऊ नका. पेट्रोल बंद म्हणजे त्यातलं तेलही बंद. क्लच दाबा, ब्रेक वापरा, मधूनमधून थ्रॉटल द्या.