राउटर बदलण्याआधी: नागपूरच्या घरांत हमखास होणाऱ्या चुका

सीताबर्डीच्या दुकानात "नेट स्लो चालते" एवढं म्हटलं की काउंटरवर चार अँटेनांचं खोकं येतं. "घेऊन जा काका, रेंज भारी भेटते." त्याला विकायचंच आहे, त्याचा काय दोष? पण नेट नेमकं कुठे अडतंय हे न बघता आपणही पैसे मोजून मोकळे होतो, आणि घरी येऊन बघतो तर मागच्या खोलीत व्हिडिओ पुन्हा गोल गोल फिरतोय.

म्हणून आधी मोजा. लॅपटॉप लॅन केबलने फायबरच्या डब्याला (कंपनीची वायर येऊन संपते तो) जोडा, त्याचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट लावा. मग मोबाईल घेऊन राउटरपासून हातभर अंतरावर, आणि शेवटी तक्रार आहे त्या खोलीत. केबलवरच स्पीड कमी असेल तर नवा राउटर काही करू शकत नाही, कंपनीला फोन करा. दुपारी ठीक आणि रात्री नऊला केबलवरही मंद असेल, तर गर्दी कंपनीच्या लाईनवर आहे. केबलवर पूर्ण, पण राउटरजवळच ढेपाळतं, तर राउटर म्हातारा झाला. जवळ उत्तम आणि फक्त लांब बोंब असेल तर जागा चुकली आहे, आणि जागा बदलायला पैसे लागत नाहीत. शिवाय १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला १२ एमबीच्या आसपास दिसणं बरोबरच आहे. प्लॅन बिटमध्ये सांगतात, डाउनलोड बाइटमध्ये दिसतं, आणि बिट आणि बाइट यांत आठ पटींचा फरक असतो. यावरून भांडणारे कमी नाहीत.

९४ वर अडकलेला काटा

प्लॅन २०० चा, पण राउटरला केबल लावून मोजलं तरी आकडा ९४-९५ च्या वर जातच नाही. असं दिसलं की समजा, वाटेत कुठेतरी १०० ची वेस आहे. बहुतेक वेळा ती राउटरच्या पोर्टमध्ये असते. खोक्यावर मोठ्या अक्षरात एसी १२०० छापलेलं असतं, पण मागचे पोर्ट १०/१०० चेच असतात. मुळात तो १२०० चा आकडाही दोन बँडची बेरीज आहे, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७. एका मोबाईलला तो कधीच मिळत नाही. घेताना खोक्याच्या मागच्या बाजूला "गिगाबिट" (म्हणजे १००० एमबीपीएस) हा शब्द शोधा, वॅन (कंपनीची वायर लागते तो) आणि लॅन (घरातली यंत्रं लागतात ते) दोन्ही पोर्टांसाठी.

पोर्ट गिगाबिटचा असूनही ९४ च येत असेल, तर केबल हातात घ्या. टोकाच्या पारदर्शक कनेक्टरमधून रंगीत तारा दिसतात, त्या आठ असायला हव्यात आणि प्रत्येक तार पितळी पट्टीपर्यंत पोचलेली हवी. घाईत फिटिंग करणारे कधी कधी चारच तारा जोडतात. शंभरपर्यंत त्यावर झकास चालतं, गिगाबिटला मात्र चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. एखादी तार आत तुटली तरी हेच होतं. लिंक मुकाट्याने १०० वर उतरते, कुठलाही लाल दिवा लागत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसतोय की १०००/१०००, तेवढं बघितलं की निकाल लागतो. नवी केबल घ्यायची तर कॅट ६ घ्या.

कूलरच्या शेजारी राउटर

आपल्याकडे फायबरची वायर खिडकीतून येते आणि खिडकीत कूलर असतो. इन्स्टॉलेशनवाला पोरगा वायर वाचवायला डबा तिथेच ठोकून जातो. एका बाजूला कूलरची पत्र्याची बॉडी आणि आतलं पाणी. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी शोषतं. दुसऱ्या बाजूने दमट वारा आणि क्षाराचे शिंतोडे. दोन-तीन मीटर जास्तीची वायर मागून घ्या आणि डबा हॉलच्या मधल्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला लावा. टीव्हीमागे नको, लोखंडी कपाटावरही नको.

उन्हाचंही बघा. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, शोकेसच्या बंद काचेआड राउटर ठेवला तर दुपारी नेट गचके खाणारच. फायबरच्या डब्यावर राउटर रचून ठेवण्याची सवय तर फारच वाईट, दोघंही एकमेकांना तापवतात.

महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि बेसा-मनीषनगरकडचे नवे फ्लॅट, दोन्हीकडचं दुखणं वेगळं. वाड्यात ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीतच दम सोडतं. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची नेटवर्कं एकमेकांवर आदळतात. तिथे २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. मधला ३ किंवा ८ घेतला तर दोन्हीकडच्यांचा त्रास ओढवून घ्याल.

घ्यायचाच असेल तर

वायफाय ६, ड्युअल बँड, गिगाबिट पोर्ट, एवढं बहुतेक घरांना पुरे. वायफाय ७ चं प्रमाणीकरण २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, पण घरातले फोन वायफाय ५ चे असतील तर ते नव्या राउटरवरही वायफाय ५ च्याच वेगाने बोलतील. अँटेना मोजत बसू नका. सरळ उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो, वरच्या मजल्याकडे कमी जातो. डुप्लेक्स असेल तर वरपर्यंत एक केबल ओढा आणि जुनाच राउटर तिथे अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेट वायफायवर देणारा डबा म्हणून, लावा. त्यातलं डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, वाटणारी सोय) बंद करायचं, त्याचा आयपी बदलायचा आणि केबल लॅन पोर्टात घालायची. रिपीटरपेक्षा (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) हे कितीतरी बरं. रिपीटर घेतलाच तर जिथे रेंज मेली आहे तिथे नाही, अर्ध्या वाटेवर लावा. मेलेली रेंज तो काय वाढवणार?

नेट गेलं की पिनेने रीसेट दाबणारे घरोघरी आहेत. रीस्टार्ट वेगळं, रीसेट वेगळं. रीसेटने पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लाईनवर लॉगिन होण्याचं, युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि मग केबलवाला उगवेपर्यंत बसा. ते आधीच वहीत लिहून ठेवा. नवा राउटर लावूनही नेट येत नसेल तर बऱ्याच लोकल कंपन्यांकडे जुन्या राउटरचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक ॲड्रेस बांधलेला असतो. फोन करून तो सोडवून घ्या, नाहीतर नव्या राउटरमध्ये तोच मॅक टाका (क्लोन करा).

लाईट जाण्यावर मिनी यूपीएस चांगला उपाय आहे, पण राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्यावर हवेत. अॅडॅप्टरच्या पिना सारख्याच दिसतात, आत ९ व्होल्ट असू शकतात किंवा १२. आधी खालचं स्टिकर वाचा, दोन्हींचे अँपिअर बेरीज करा आणि मगच यूपीएस निवडा. दर तासाला आपोआप बंद-चालू होणारा राउटर फेकण्याआधी त्याच आकड्यांचा दुसरा अॅडॅप्टर लावून बघा. अनेकदा तोच थकलेला असतो.