गिअर लिव्हर पायाला जुळवताना या चुका टाळा

लांबच्या राइडवरून आल्यावर डावी नडगी पुढच्या बाजूने ठणकते, घोटा आखडतो, बुटाचं वरचं चामडं एकाच जागी झिजून पातळ झालंय, असं काही होत असेल तर आधी मोटरसायकलची गिअर लिव्हर बघा. शहरात सिग्नलला सिग्नल लागून असतील तर तोच पाय मिनिटाला चार-पाच वेळा वर-खाली होतो आणि लिव्हर दोन सेंटीमीटर जरी चुकीच्या उंचीला असली तरी दरवेळी घोटा नको तितका वाकतो. कंपनीतून ती एका ठरावीक उंचीला लावून येते, मग चालवणाऱ्याचा बूट सहा नंबरचा असो की दहाचा. ही उंची बहुतेक गाड्यांना घरच्या घरी बदलता येते, आणि काम सोपं आहे म्हणूनच लोक घाईत करतात, मग गिअर पडत नाही, फॉल्स न्यूट्रल लागतो (दोन गिअरच्या मधेच गाडी मोकळी सुटते), बोल्टचे आटे जातात आणि आता गिअरबॉक्सच उघडावा लागणार असं वाटायला लागतं.

मी स्वतः हे ताम्हिणीत भोगलंय. नडगी दुखते म्हणून निघायच्या आदल्या रात्री पार्किंगमधे लिव्हर ज्या दातेरी दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर बसते, त्यावर ती सरळ दोन दाते खाली घेतली, बोल्ट आवळला, उभ्या गाडीवर बसून बघितलं तर पाय एकदम मस्त बसत होता. दुसऱ्या दिवशी माणगावच्या बाजूला उतरताना एका वळणाआधी तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो तर लिव्हर खाली इंजिनच्या कव्हरला टेकली, गिअर पूर्ण पडलाच नाही, तिसरा सुटला आणि दुसरा लागला नाही, इंजिनचं ब्रेकिंग एका क्षणात गायब आणि गाडी उतारावर मोकळी. पुढे मागे कोणी नव्हतं म्हणून ब्रेकवर सावरलं. तिथेच कडेला थांबून लिव्हर एक दाता परत वर घेतली आणि पुढचा सगळा घाट नीट गेला. एवढ्या एका दात्याची गोष्ट होती ती.

उंची कशी ठरवायची

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे चप्पल घालून, गाडीशेजारी उकिडवं बसून, नजरेने लिव्हर सरळ दिसते का बघणं. दिसायला सरळ असलेली लिव्हर पायाला बरोबर असेलच असं नाही. ज्या बुटात तुम्ही रोज चालवता तोच बूट घाला, गाडी मेन स्टँडला नाहीतर पॅडॉक स्टँडला (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) लावा, मेन स्टँड नसेल तर कोणालातरी धरायला सांगा, आणि हँडलला हात लावून नेहमीसारखे बसा. चवड्याच्या जरा मागचा भाग फूटरेस्टवर ठेवा, डोळे मिटून पाय सैल सोडा आणि मग बघा बुटाचं टोक कुठे आलंय. तिथून घोट्याची थोडीशीच हालचाल करून टोक लिव्हरच्या रबराखाली सहज सरकलं पाहिजे, आणि टाच जागेवरून न उचलता वरून दाबताही आलं पाहिजे.

लिव्हर जास्त वर असेल तर वरचा गिअर टाकताना पंजा खूप वर ओढावा लागतो, नडगीच्या पुढचा स्नायू दुखतो तो त्यामुळेच, आणि खालचा गिअर टाकायला अख्खा पाय फूटरेस्टवरून उचलावा लागतो. जास्त खाली असेल तर बुटाचं टोक खाली झुकवून आत घुसवावं लागतं, जाड टोकाचा रायडिंग बूट किंवा पावसाळ्यातला गमबूट असेल तर तो तिथे अडकतोच. म्हणजे दुखतंय कुठे यावरून कुठल्या दिशेला जायचं ते कळतं. पावसाळ्यात वेगळे बूट आणि एरवी वेगळे असं असेल तर जाड बुटाप्रमाणे सेट करा, पातळ बुटाला थोडी जास्त जागा चालते, जाड बुटाला कमी जागा चालत नाही. जुन्या बुलेटवाल्यांनी हे सगळं उजव्या पायाने करायचं, त्यांचा गिअर तिकडे आणि ब्रेक डावीकडे.

आणि हो, गाडी कधी डाव्या बाजूला पडली असेल तर आधी लिव्हर वाकलीये का ते बघा, फूटरेस्ट वाकलाय का तेही. वाकलेली लिव्हर दाते बदलून जुळवायला गेलं की एक चूक लपवायला दुसरी केल्यासारखं होतं. ती गाडीवरच पाईप घालून सरळ करू नका, सगळा जोर शाफ्टवर आणि त्याच्या ऑइल सीलवर (ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) येतो. काढा, व्हाइसमधे धरा आणि मग सरळ करा. लोखंडी असेल तर होते, अ‍ॅलॉयची असेल तर तडकते, ती नवीनच घ्यावी.

सरळ शाफ्टवर बसणारी लिव्हर

स्प्लेंडरसारख्या गाड्यांना लिव्हर इंजिनमधून बाहेर आलेल्या शाफ्टवर थेट बसते. शाफ्टला गोल दाते असतात, लिव्हरच्या भोकात तसेच दाते, आणि एक बोल्ट तिला चिमटून धरतो. इथे लोक बोल्ट नुसता सैल करतात आणि लिव्हर ओढत बसतात, येत नाही म्हटल्यावर मागून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात, हातोडी मारतात. ती येणारच नाही, कारण बऱ्याच गाड्यांत त्या शाफ्टला गोल खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून आरपार जातो, लिव्हर घसरून पडू नये म्हणूनच ती सोय आहे. बोल्ट पूर्ण बाहेर काढायचा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर मागचं सील फाटतं आणि तिथून ऑइल गळायला लागतं. बोल्ट काढूनही घट्ट असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल मारून दहा मिनिटं थांबा, लिव्हरची फट चपट्या स्क्रूड्रायव्हरने अगदी हलकी उघडा आणि हाताने हलवत हलवत ओढा.

काढायच्या आधी मार्करने किंवा नेलपॉलिशने शाफ्ट आणि लिव्हर दोन्हीवर एक सरळ रेघ मारा. हे केलं नाही तर आधी कुठे होती तेच कळत नाही आणि मग अंदाजपंचे. नेलपॉलिश जास्त टिकतं, ऑइलच्या हाताने पुसलं जात नाही. एका वेळी एकच दाता सरकवा. शाफ्टपाशी एक दाता म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण लिव्हरच्या टोकाला तो सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर होतो, गाडीनुसार कमीजास्त, आणि पायाला तेवढा भरपूर कळतो.

परत बसवताना दात्यांमधला चिखल ब्रशने साफ करा, लिव्हर पूर्ण आत गेलीये आणि खाच बोल्टच्या समोर आलीये हे बघा, मगच बोल्ट हाताने फिरवत आत घाला. हाताने जात नसेल तर काहीतरी तिरकं आहे, पाना लावून घुसवू नका. हा सहसा सहा मिलीमीटरचा छोटा बोल्ट असतो, साधारण १० ते १२ न्यूटन मीटर म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. लांब पाना घेऊन आवळला की आटे जातात, सैल ठेवला की लिव्हर डुगडुगत राहते आणि महिन्या-दोन महिन्यात दाते खाऊन टाकते. दाते खाल्ले गेल्यावर मधे पत्र्याची पट्टी घालायचा उपाय घरी पोचण्यापुरता ठीक आहे. वेल्डिंग मात्र कोणी कितीही सांगितलं तरी करून घेऊ नका, सील जळतं आणि पुढच्या वेळी ती लिव्हर कापूनच काढावी लागते. नवीन लिव्हर स्वस्तात मिळते, शाफ्ट बदलायचा तर निदान क्लच कव्हर तरी उघडावं लागतं.

लिंकेज रॉडवाली

केटीएम ड्यूक किंवा आर१५ सारख्या गाड्यांना लिव्हर फूटरेस्टजवळ असते आणि एक रॉड तिला शाफ्टवरच्या छोट्या आर्मशी जोडतो. इथे उंची बारीक बदलता येते आणि खरं सांगायचं तर मला हीच पद्धत आवडते. रॉडच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारा सांधा) आणि रॉड जागेवर पक्का धरणारा एकेक लॉकनट. एका टोकाचे आटे नेहमीचे, दुसऱ्या टोकाचे उलटे, आणि लोकांचं गाडं इथेच अडतं. दोन्ही नट एकाच दिशेने सोडायला जातात, एक सुटतो, दुसरा अजून आवळला जातो, मग अजून जोर, मग नटाचे कोपरे गोल. एक नट हटत नसेल तर आधी उलट्या दिशेने फिरवून बघा.

दोन्ही नट सुटले की जॉइंट न काढता मधला रॉड फिरवायचा. आटे सहा मिलीमीटरचे आणि नेहमीच्या एक मिलीमीटर पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) असतील तर एका पूर्ण फेऱ्यात दोन्हीकडून एकेक मिलीमीटर, म्हणजे लांबी दोन मिलीमीटरने बदलते, आणि लिव्हरच्या टोकाला ती जवळपास तिप्पट होऊन दिसते. म्हणून अर्धा फेरा फिरवा, बसून बघा, परत अर्धा. रॉडवर मार्करचा ठिपका ठेवा म्हणजे फेरे मोजता येतात. लांबी वाढवत जाताना आत किती आटे उरले तेही बघत राहा, सहाच्या आट्याला निदान सहा मिलीमीटर तरी आत पाहिजे, दोन-तीन आट्यांवर लटकलेला रॉड चालत्या गाडीत निसटू शकतो आणि मग आहे त्याच गिअरमधे घरी.

उंची खूपच बदलायची असेल तर सगळा फरक रॉडमधून काढू नका. आर्म आणि रॉड यांच्यातला कोन ९० अंशाच्या आसपास असतो तेव्हा पायाचा जोर नीट पोचतो. तो खूप बिघडला की गिअर जड लागतो, कधी अर्धवट पडतो. अशा वेळी शाफ्टवरचा आर्म एक दाता सरकवायचा आणि उरलेलं रॉडने जुळवायचं. आर्म मात्र होता त्याच बाजूला तोंड करून बसवा. तो उलटा बसला, वरचा खाली झाला, तर गिअरचा पॅटर्नच उलटतो, वर ओढलं की खालचा गिअर. रेसिंगवाले मुद्दाम तसं करतात, पण रोजच्या रस्त्यावर चुकून असं झालं तर जिवावर बेतेल.

लॉकनट आवळताना बॉल जॉइंट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर तो नटाबरोबर फिरून एका बाजूला टेकतो आणि लिव्हर अडकत अडकत चालते. आवळून झालं की रॉड बोटांनी स्वतःभोवती जरा डुलवून बघा, दोन्ही दिशांना सारखा डुलला तर बरोबर बसलाय.

टाच-पंजावाली लिव्हर

कम्यूटर गाड्यांना आणि बऱ्याच बुलेटना पुढे पंजा आणि मागे टाच अशी दोन टोकांची लिव्हर असते. ही तराजूसारखी चालते, पुढचं खाली घेतलं की मागचं तेवढंच वर येतं, आणि मोठ्या पायाच्या माणसाचा बूट मधे अडकतो. त्यामुळे फक्त पंज्याकडे बघून सेट करू नका. काही जण मागचा भाग ग्राइंडरने कापून टाकतात. ज्या गाडीला सगळे गिअर पुढे दाबून पडतात, स्प्लेंडरसारखे, तिथे खालचा गिअर टाकायला टाचच लागते, ती कापली तर दरवेळी बुटाने लिव्हर वर उचलावी लागेल आणि पुढचं टोक त्यासाठी बनवलेलंच नसतं. मागचा भाग नकोच असेल तर त्याच दात्यांची सिंगल लिव्हर मिळते का ते स्पेअर पार्टच्या दुकानात जुनी लिव्हर नेऊन लावून बघा.

बदलल्यावर काही बिघडलं तर

उभ्या गाडीवर, इंजिन बंद असताना सगळे गिअर पडत नाहीत म्हणून घाबरू नका. आतले गिअर समोरासमोर आल्याशिवाय अडकत नाहीत. मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत गिअर टाका, सगळे वर आणि सगळे खाली. असं करताना लिव्हर दोन्ही टोकांना पूर्ण जाते का, कुठे टेकते का, इंजिन कव्हरला, साइड स्टँडला, फूटरेस्टच्या ब्रॅकेटला, हे खाली वाकून बघा. गिअर पडल्यावरही पाय आणखी थोडा दाबून जागा शिल्लक आहे का बघा. ताम्हिणीच्या आदल्या रात्री मी नेमकं हेच केलं नव्हतं.

एक गिअर पडतो आणि लगेच दुसरा पडत नाही अशी तक्रार असेल तर लिव्हर मधल्या जागी परत येते का ते बघा. दर गिअरनंतर ती परत आली तरच आतली खिट्टी पुढचा गिअर पकडायला तयार होते. फूटरेस्टजवळच्या पिव्होटमधे (लिव्हर जिच्यावर फिरते ती खीळ) पावसाळ्यातला चिखल वाळून बसला असेल किंवा तुमचा पायच लिव्हरवर टेकलेला राहत असेल तर ती परत येत नाही. पिव्होट काढून साफ करून ग्रीस लावा. पाय टेकवून चालवायची सवय असेल तर आत शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजत राहतो आणि एक दिवस गिअर आपोआप सुटायला लागतो, तेव्हा लिव्हर जरा वर किंवा खाली घेऊन पायाखालून बाजूला करणं हाच उपाय.

लिव्हर सगळीकडे मोकळी आहे, कुठे टेकत नाही, तरी गिअर जड लागतात आणि न्यूट्रल सापडत नाही, तर लिव्हरशी अजून खेळू नका. क्लच केबल बघा, बऱ्याच कम्यूटर गाड्यांना क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलीमीटर मोकळी चाल लागते, त्यापेक्षा फार जास्त सैल असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि दोष गिअरवर येतो. चेनही बघा, खूप सैल चेनमुळे खटका बसतो.

पहिली चक्कर मोकळ्या गल्लीत मारा, सगळे गिअर वर-खाली दोन-तीनदा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की बोल्ट आणि लॉकनट परत एकदा पान्याने तपासा, नवीन बसवलेली लिव्हर थोडी बसते आणि बोल्ट हमखास पाव फेरा अजून घेतो. माझ्या गाडीला आता शाफ्टवर दोन रेघा आहेत, लाल रेघ कंपनीची जागा आणि पांढरी त्याच्या एक दाता खाली, पावसाळी बूट काढले की लाल वरून पांढरीवर.