हायब्रिड गाडीचा धक्का आणि इंजिनाचे माउंटिंग
संथ रहदारीत माझी हायब्रिड गाडी विजेवरून पेट्रोलवर जाताना सीटखाली धप्पकन धक्का बसू लागला. गॅरेजमध्ये संशय बॅटरीवर घेण्यात आला; मला तो पटला नाही, कारण गिअर ‘पार्क’वर ठेवून गाडी उभी असताना, एसीमुळे चार्ज कमी होऊन इंजिन आपोआप सुरू झाले, तरी तोच धक्का जाणवत असे; म्हणजे तो इंजिन सुरू होण्याशीच जोडलेला होता. बॉनेट उघडून पाहिले, तेव्हा सुरू होताना इंजिन एका बाजूने उसळत होते आणि तिथल्या माउंटिंगच्या (इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणाऱ्या आधाराच्या) रबराला बोट जाईल एवढी चीर पडलेली होती. हायब्रिडमध्ये इंजिन वारंवार चालू-बंद होत असल्यामुळे या रबरावर (ज्याच्याकडे बिचाऱ्याकडे कोणी पाहतही नाही) बराच ताण येतो. माउंटिंग बदलल्यावर धक्का थांबला. चढावरची बारीक थरथर मात्र पहिल्यापासूनचीच आहे.