गल्लीत स्पीड ब्रेकर मागताना या चुका टाळा

टोलचे नाके उठवणाऱ्या कोल्हापूरला आंदोलन शिकवायची गरज नाही. पण गल्लीतला वेग कमी करायचा म्हटलं की हेच गाव एका ओळीचं निवेदन देतं : 'आमच्याकडे स्पीड ब्रेकर करून मिळावा.' सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दुखणं न सांगता आपण थेट औषधाचं नाव सांगतो.

निवेदनात आधी त्रास लिहा. कुठलं वळण, किती वाजता, कुठली वाहनं, रस्ता कोण ओलांडतं. वेगही मोजता येतो. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा करा आणि मोबाईलवर वेळ धरा. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंद लागले तर ४०, ३.६ सेकंदांत गाडी गेली तर ५०. शाळा सुटताना आणि रात्री जेवणानंतर अशा दोन्ही वेळा मोजा. 'गाड्या लई सुसाट जात्यात' या तक्रारीपेक्षा हा कागद अभियंत्याला टाळता येत नाही. शिवाय आकडे समोर आले की कधी कधी कोपऱ्यावरचं पार्किंग हटवणं, वळण अरुंद करणं किंवा रस्ता ओलांडायचा पट्टाच थोडा उंच करणं यावरही भागतं.

दुसरा हट्ट दणक्याचा. 'चांगला हाणला पाहिजे!' रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांनुसार नेहमीचा गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्याला तो फारसा जाणवू नये, हाच त्यामागचा हिशोब. आपल्याकडे होतो तो डांबराचा हातभर रुंद उंचवटा. चालक करकचून ब्रेक मारतो, पुढं गेला की दुप्पट जोरानं पळवतो. सीपीआर या सरकारी दवाखान्याकडं निघालेल्या रुग्णवाहिकेतल्या पेशंटचे हाल वेगळेच. कसबा बावड्याच्या बाजूला, जिथं राजाराम कारखान्याकडं ऊस जातो, तिथं तर हंगामाचा विचार आधी करा. अशा उंचवट्यावर भरलेल्या जोड ट्रॉलीला हिसका बसला की ऊस रस्त्यावर, आणि मागून दुचाकी येतच असते.

मंडळाच्या पोरांनी रात्रीत स्वतःच सिमेंट ओतणं हा प्रकार तर नकोच. तिथं कुणी पडलं की ओतणाऱ्यांची नावं आधी निघतात.

बैठक कुठं होते, यावरही बरंच ठरतं. तालमीत रात्री दहाला जमलं तर हात वर करणारे सगळे एकाच वयाचे पुरुष. पोरांना शाळेत सोडणाऱ्या आया, रिक्षा स्टॉपवाले, कोपऱ्यावरचा दुकानदार यांतलं कुणीच नाही. आणि ज्यांच्या दारासमोर उंचवटा येणार ते घर? त्यांना अवजड गाड्यांचा आवाज आणि हादरे रोज सोसायचे असतात. त्यांना न विचारता ठराव झाला तर काम सुरू झाल्यावर तेच आडवे येतात, आणि माझ्या मते त्यात त्यांचं काही चुकत नाही. संध्याकाळी, रस्त्यावरच, त्या जागी उभं राहून बैठक घ्या.

पेठेतले बहुतेक रस्ते महापालिकेचे, पण शहरातून जाणारे काही राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गाचे असतात. मालक कोण ते आधी विचारून घ्या. महापालिकेचा रस्ता असेल तर गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट यांपैकी आपल्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या आणि एक प्रत पोलिसांच्या वाहतूक शाखेला द्या. नगरसेवकाला केलेल्या फोनची पोच कुणी देत नाही.

झाल्यावर बिघडलं तर? दुचाक्या कडेच्या फटीतून निसटत असतील तर फट बुजवू नका. ती पावसाच्या पाण्यासाठी असते. तिथं छोटा खांब मागा. तरीही पाणी तुंबत असेल तर उंचवटा चढाच्या बाजूला गटारापर्यंत टेकलाय का ते बघा. रात्री दिसत नसेल तर सुमारे ४० मीटर आधीचा सूचना फलक आणि काळे-पांढरे पट्टे हवेतच. आपल्या पावसात रंग टिकत नाही, म्हणून दिवाळीआधी पुन्हा मारून घ्या. डांबराऐवजी रबरी पट्टीचा गतिरोधक असेल आणि तिचे खिळे वर आले असतील तर नव्या पट्टीची वाट बघत बसू नका, तेवढा तुकडा त्याच दिवशी काढायला लावा.