कापूस घरात असताना दिवाळी: गावात फटाक्यांच्या विक्रीला आणि वापराला मर्यादा कशी घालावी

खानदेशात दिवाळी येते तेव्हा पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊन पडलेला असतो. भाव चढेल या आशेने शेतकरी तो लगेच विकत नाही. ओसरीवर, माळ्यावर, कधी तर माणसे निजतात त्याच खोलीत त्याची रास लागते. खळ्यात ज्वारीचा आणि मक्याचा वाळलेला चारा रचलेला असतो, आणि नेमक्या त्याच चार-पाच रात्री या सगळ्यावरून रॉकेटे उडत असतात. काही वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या शेजारच्या खळ्यातील कडब्याची गंजी पेटली. रॉकेट कोणी सोडले ते शेवटपर्यंत कळले नाही. ज्याचा चारा गेला त्याला मात्र पुढच्या उन्हाळ्यात बैलजोडी विकावी लागली. त्यानंतर आम्ही काही जणांनी गावात मर्यादा आणण्यासाठी जी खटपट केली, तीत काय साधले आणि काय फसले, ते इतर गावांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

प्रथम गावाने आपली भूमिका ठरवावी, कारण भूमिका संदिग्ध राहिली की पुढचे सगळे भांडणात जाते. माझे मत स्पष्ट आहे: विक्री ठरलेल्या जागीच आणि ठरलेल्या प्रकारांचीच व्हावी, वापर ठरलेल्या मैदानावर आणि ठरलेल्या वेळातच व्हावा, सरसकट बंदी मात्र गावाने ओढवून घेऊ नये. सरसकट बंदी घातली की माल नाहीसा होत नाही, तो किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत जातो, आणि त्या खोलीच्या वरच कापूस भरलेला असतो. दाट वस्तीला लागून फटाके साठवले की काय होते ते आपल्यापासून फार दूर घडलेले नाही. भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील, मध्य प्रदेशातील हरदा येथे ६ फेब्रुवारी २०२४ रोजी फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाले, दहाहून अधिक माणसे दगावली आणि लगतच्या घरांनाही आग लागली. म्हणून विक्री उघड्यावर, मोजलेल्या अंतरावर आणि परवान्याखाली राहिलेली बरी.

ग्रामसभेत बोलायला उभे राहण्यापूर्वी कायदा नीट माहीत असावा. अनेकांची समजूत अशी असते की सर्वोच्च न्यायालयाचे आदेश दिल्लीपुरतेच आहेत. दिल्लीतील तीन तान्ह्या बाळांच्या वतीने २०१५ साली दाखल झालेल्या याचिकेतून हे प्रकरण उभे राहिले हे खरे, परंतु २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालातील निर्बंध देशभर लागू आहेत आणि न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी ते पुन्हा स्पष्ट केले आहे. त्या निकालाने फटाक्यांवर संपूर्ण बंदी घातली नाही. दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, कमी प्रदूषण करणाऱ्या व हरित फटाक्यांनाच परवानगी ठेवली, फटाक्यांच्या लडी आणि बेरियमचे क्षार असलेला माल वर्ज्य केला, आणि ऑनलाइन विक्री थांबवली. आदेश मोडला गेल्यास संबंधित पोलीस ठाण्याच्या प्रमुखावर व्यक्तिशः जबाबदारी राहील, असेही त्यात आहे. हे वाक्य गावातील फार थोड्यांना माहीत असते, आणि पोलीस ठाण्याला द्यायच्या अर्जात ते नम्रपणे नमूद केल्यास अर्जाकडे लक्ष दिले जाते, असा आमचा अनुभव आहे.

आवाजाची मर्यादा त्याहूनही जुनी आहे. १९९९ पासून पर्यावरण संरक्षण नियमांनुसार, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणारा फटाका बनवणे, विकणे आणि वापरणे निषिद्ध आहे. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजवता येत नाहीत, आणि शांतता क्षेत्रात ते कधीच वाजवता येत नाहीत. येथे एक खाचखळगा आहे. दवाखाना, शाळा किंवा न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र ठरतात, असे धरून चालू नये. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ते क्षेत्र शासनाने अधिसूचित केलेले असावे लागते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राभोवतीचा परिसर तसा जाहीर आहे का, हे तहसील कार्यालयात विचारून घ्यावे, आणि नसेल तर तशी मागणीही ठरावातच करावी.

विक्रीचे नियम २००८ च्या स्फोटक नियमांत आहेत आणि ते सामान्य माणसाला दोरीने मोजून पाहता येतात. सणापुरत्या दुकानांचे गाळे न जळणाऱ्या साहित्याचे हवेत. दोन गाळ्यांत किमान ३ मीटर अंतर, घर, शाळा, दवाखाना अशा इमारतींपासून किमान ५० मीटर अंतर. गाळ्यांची तोंडे समोरासमोर नसावीत. एका ठिकाणी ५० हून अधिक गाळे नसावेत. आत तेलाचा किंवा गॅसचा दिवा नसावा आणि विजेचा दिवा लोंबत्या वायरीवर नसावा. आमच्या गावात बसस्थानकासमोर मांडवाचे कापड ताणून आणि बल्ब लोंबते सोडून दुकाने लागत असत, आणि त्यांना लागूनच भज्यांची गाडी असे. पन्नास मीटरची एक दोरी घेऊन दोघांनी ती जागा सर्वांसमक्ष मोजली, तेव्हा वाद घालणारेही गप्प झाले, कारण दोरीच्या टोकाला तीन घरे, पिठाची गिरणी आणि अंगणवाडी आली.

आता वेळेविषयी, कारण बहुतेक गावांचे प्रयत्न येथेच वाया जातात. आमचा पहिला ठराव वसुबारसेच्या आदल्या दिवशी झाला आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. दुकान लावणारी मुले महिनाभर आधी उसनवार करून माल भरतात. माल भरून झाल्यावर मर्यादा सांगणे म्हणजे त्यांना बुडवणे आहे, आणि गावातल्या गरीब मुलाला बुडवून कोणताही नियम टिकत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांपैकी १५ ऑगस्टची सभा यासाठी योग्य आहे. २ ऑक्टोबरची सभा फार तर विक्रीची जागा पक्की करण्यापुरती उपयोगाची ठरते. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात, म्हणून सभेआधी महिला बचत गट, दूध संस्थेचे सभासद आणि दमेकरी वडीलधाऱ्यांच्या घरी जाऊन बोलून ठेवावे. अक्कलकुवा, धडगाव भागातील अनुसूचित क्षेत्रात ज्या पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा घोषित झाली आहे, तेथे पाड्यानेच ठराव करावा. सभेच्या आधी दुकानदार मुलांना बोलवून घ्यावे, कोणता माल घ्यावा आणि कोणता घेऊ नये याची यादी त्यांच्याच हाताने लिहून घ्यावी. सुतळी बॉम्ब, लडी आणि रॉकेटे घेऊ नयेत, इतके त्यांनी मान्य केले तरी निम्मे काम होते.

ग्रामपंचायतीच्या अधिकाराला सीमा आहे हे विसरू नये. फटाके विक्रीचा तात्पुरता परवाना जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो. ग्रामपंचायत आपल्या ताब्यातील जागा द्यायची की नाही हे ठरवू शकते आणि परवाना देणाऱ्याला गावाचे म्हणणे लेखी कळवू शकते. त्यामुळे ठरावाची भाषा आज्ञेची नसावी, निर्णयाची आणि विनंतीची असावी. आम्ही वापरलेला मसुदा, किरकोळ बदल करून, असा आहे:

«ग्रामसभा असा ठराव करते की, गावठाणात व खळ्यांमध्ये कापूस आणि चारा साठवलेला असल्यामुळे फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांसाठी ग्रामपंचायतीची बाजारपेठेतील जागा देण्यात येऊ नये, आणि गावाबाहेरील निश्चित केलेल्या मैदानावर स्फोटक नियम, २००८ मधील अंतरे पाळूनच जागा देण्यात यावी. गावठाणात रॉकेट व उडणारे फटाके वापरू नयेत. इतर फटाके ठरवलेल्या मैदानावर रात्री ८ ते १० या वेळेतच वाजवावेत. हाच नियम लग्नाची वरात, मिरवणूक, निवडणुकीचा विजय व यात्रा यांनाही लागू राहील. या ठरावाची प्रत जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी, तहसीलदार व पोलीस ठाणे यांना पाठवून परवाने देताना तो विचारात घेण्याची विनंती करण्यात यावी.»

लग्नाच्या वरातीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. दिवाळीच्या दिवसांत हवेत थोडा तरी ओलावा असतो. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, गव्हाचे काड, तुराट्या आणि केळीच्या बागांतील वाळली पाने ठिणगीची वाट पाहत असल्यासारखी असतात, आणि वरातीपुढे लडी लावणाऱ्याला मागे काय आहे याचे भान नसते. नवरदेवाची घोडी बिथरली तर अंगावर येते ती वेगळीच. हे वरातीच्या रात्री सांगून उपयोग नाही. सोयरिकीची बैठक होते त्याच वेळी गावातील मोठ्या माणसाने दोन्हीकडच्या व्याह्यांना सांगावे. यात्रेतील आतषबाजीबाबत तर तडजोडच नसावी. केरळमधील पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे आतषबाजीच्या साठ्याला आग लागून शंभराहून अधिक माणसे गेली. तेथेही लोक श्रद्धेनेच जमले होते.

मैदान निवडताना पाच गोष्टी पाहाव्यात, असे सांगून मोकळे होता येत नाही, कारण प्रत्येक गावाची रचना निराळी असते. तरी वरून विजेच्या तारा जात नसाव्यात, जिनिंग, पेट्रोल पंप, गंज्या आणि गोठे यांच्यापासून ते दूर असावे, आणि वारा गावाकडे वाहत नसावा. संध्याकाळी मूठभर माती उडवून वाऱ्याची दिशा पाहावी. जमीन नांगरलेली किंवा वाळूची असेल तर उत्तम. पाण्याचा टँकर, वाळूच्या बादल्या आणि भिजवलेली गोणपाटे तेथे आधी नेऊन ठेवावीत. मुलांना भुईचक्र, अनार, फुलबाजी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली द्यावी. फुलबाजीला खेळणे समजू नये, तिच्या टोकाचे तापमान हजार अंशांच्या घरात जाते. फटाका हातात धरून पेटवू नये, लांब उदबत्तीने पेटवावा, आणि न फुटलेल्याजवळ कोणीही जाऊ नये. लांबून पाणी ओतून तो तसाच सोडावा.

पहिल्या वर्षी «आबा, वरीसमा एकदाच ते दिवाई येस» असे मला तरुणांनी ऐकवले. मी त्यांना एवढेच म्हटले की, बाप्पा, मैदानावर दोन तास वाजवा, मीही येतो. आणि गेलो. तेथे सगळे गाव एका जागी जमल्यामुळे पोरांना गल्लीपेक्षा अधिक मौज वाटली, आणि गावात दावणीची जनावरे दावे न तोडता उभी राहिली. खरेदीच्या वेळी खोक्यावर निर्मात्याचे नाव आणि परवान्याचा क्रमांक नसेल तर तो माल घेऊ नये. हरित फटाक्याच्या खोक्यावर त्याचे चिन्ह आणि क्यूआर कोड असतो; नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने विकसित केलेल्या या सूत्रांत धूलिकण सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघतात. उरलेले ७० टक्के निघतातच, म्हणून हरित या शब्दाने कोणी निश्चिंत होऊ नये. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील, हवेची मानके सातत्याने न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत जळगावचे नाव आहे, आणि कार्तिकातल्या थंड रात्री धूर वर न जाता जमिनीलगत साचून राहतो.

नियम मोडला गेल्यास प्रथम घरी जाऊन बोलावे, शक्यतो त्यांच्या मानाच्या माणसाला बरोबर घेऊन. ऐकलेच नाही तर ११२ वर कळवावे आणि वेळ, गल्ली, प्रकार यांची नोंद वहीत करावी, कारण «रात्रभर त्रास दिला» अशा तक्रारीवर पोलिसांना काही करता येत नाही. आग लागल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कापसात ठिणगी गेली की ती आतल्या आत धुमसते आणि वरून पाणी मारल्याने विझल्यासारखी दिसते, पण काही तासांनी पुन्हा पेटते. म्हणून ज्वाळा शमल्यावर रास उघड्यावर आणून पसरावी, थर उपसून भिजवावा आणि रात्रभर कोणीतरी पाहऱ्यावर राहावे. भाजलेल्या जागेवर १० ते २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, त्यावर टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावू नये, फोड फोडू नयेत. डोळ्याला इजा झाली असेल तर डोळा चोळू न देता हलकेच झाकून १०८ ला बोलवावे.

पाडव्याच्या सकाळी दोघा-तिघांनी मैदानावर जाऊन न फुटलेले फटाके पाण्याच्या बादलीत गोळा करावेत, नाहीतर लहान मुले ते वेचून त्यातील दारू कागदावर ओततात. त्याच दिवशी वहीतील नोंदी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्याव्यात, आणि कोणत्या दुकानदाराचा किती माल पडून राहिला ते विचारून घ्यावे, म्हणजे पुढच्या १५ ऑगस्टच्या सभेत त्याला कमी माल भरण्याचा सल्ला देता येतो.